एका कौलात दोन प्रश्न

बेळगावच्या निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या गोव्यातला मराठी वाचक हमखास एक प्रश्न विचारतो, ‘समितीचे काय झाले?’ समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती. तिला जागा मिळाल्या तर सीमाप्रश्न जिवंत, नाही मिळाल्या तर तो संपला, असा आपला सरळ हिशेब असतो. मला हा हिशेब घाईचा वाटतो. त्याचे कारण आपल्याच इतिहासात सापडते.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. सुमारे ८२ टक्के मतदारांनी मतदान केले. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, तर संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. पण लगेच मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. बाहेरच्यांना हा विरोधाभास वाटला. पण आपल्या देवळात कौल लावताना काय करतात? प्रश्न एका वेळी एकच विचारायचा. उजवी पाकळी पडली की उत्तर स्पष्ट. गोमंतकीयांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारले गेले, म्हणून त्यांना दोन वेगवेगळी उत्तरे देता आली.

बेळगाव-निपाणीला हे भाग्य लाभले नाही. योगायोग पाहा, तारीख तीच. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी बेळगाव आणि निपाणीत लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. निपाणीत कमळाबाई मोहिते यांना प्राण गमवावे लागले. सीमाभागात १७ जानेवारी हा आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला. कुणी मतपेटी घेऊन विचारायला आले नाही.

मग लोकांनी हाती होती तीच मतपेटी वापरली. १९५७ पासून समितीने विधानसभेच्या निवडणुका लढवल्या आणि जिंकल्या. आमदार निवडायचा तो रस्त्यासाठी नव्हे, साक्षीसाठी. पुढे न्या. महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने जे निकष मांडले, त्यांत खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या यांच्याबरोबर लोकेच्छाही होती. १९६७ च्या अहवालात आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. निकाल मान्य नाही आणि दुसरा कौलही नाही, अशा अवस्थेत एक पिढी म्हातारी झाली.

या अगतिकतेचे टोक १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत दिसले. निषेध म्हणून बेळगाव मतदारसंघात तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचे पुस्तक झाले, मतदान पुढे ढकलावे लागले. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० करण्यात आली. म्हणजे दिल्लीला आवाज ऐकू गेला, पण तिने उत्तर दिले ते फक्त अनामतीच्या रकमेचे!

आता शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ ही बेळगावची उपनगरे घ्या. विणकरांची, छोट्या नोकरदारांची वस्ती. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर हा भाग बेळगाव दक्षिण मतदारसंघात आला. २००८ मध्ये तिथे भाजपचे अभय पाटील निवडून आले, २०१३ मध्ये समितीचे संभाजी पाटील, आणि २०१८ व २०२३ मध्ये पुन्हा अभय पाटील. या माणसांची भाषा दर पाच वर्षांनी बदलली का? नाही. त्यांना प्रत्येक वेळी एकाच मतात दोन उत्तरे द्यायची होती. एक गटाराचे, नळाचे आणि हिंदुत्वाचे, दुसरे सीमेचे. कधी एक पारडे जड झाले, कधी दुसरे.

२०२१ साल तर डोळ्यांत अंजन घालणारे. एप्रिलमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीच्या शुभम शेळके यांना १,१७,१७४ मते मिळाली आणि भाजपच्या मंगला अंगडी जेमतेम ५,२४० मतांनी वाचल्या. पाच महिन्यांनी महापालिकेची निवडणूक झाली, प्रथमच पक्षचिन्हांवर. तेव्हा ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या, समितीची धूळधाण झाली. मतदान कसेबसे निम्म्यावर पोचले. घराघरांतल्या भावना पाच महिन्यांत पालटत नसतात. जिथे निवडून येण्याचा प्रश्न नव्हता तिथे मराठी माणसाने मन मोकळे केले, जिथे प्रभागातली कामे अडकली होती तिथे व्यवहार पाहिला. आणि जे निम्मे घरी राहिले, त्यांच्यातल्या किती जणांना दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका बटणात देणे जड गेले असेल, हे कोण मोजणार?

निपाणीची कथा थोडी वेगळी. तिथे तंबाखू आहे, विडी कामगार बायका आहेत. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवला, पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. ते भांडण भावाचे होते, भाषेचे नव्हते. मराठी बोलणारा माणूस फक्त मराठी म्हणूनच जगत नाही, हे निपाणीने बेळगावच्या आधी ओळखले.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर समितीच्या जागा मोजून सीमाभागाच्या मनाचा अंदाज बांधणे आपण गोमंतकीयांनी तरी टाळावे असे मला वाटते. विलीनीकरणाला नाही आणि मगोपला हो, ही दोन उत्तरे आपण दोन महिन्यांत दिली होती. प्रश्न वेगळे विचारले म्हणजे माणूस नीट उत्तर देतो. सीमाभागातल्या माणसाला तसे अजून कुणी विचारलेले नाही.