परसातला हौद आणि गप्पी मासा

आपल्या गांधीबागेजवळचा गांधीसागर, म्हणजे जुना जुम्मा तलाव, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चांद सुलतानाने बांधविला. साठविलेल्या पाण्यावर शहर जगते. पण त्याच पाण्यावर डासही पोसतो. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू असतात, हे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस दिसले. तेव्हापासून घरची विहीर आणि परसातला हौद यांकडे नव्या दृष्टीने पाहणे आपणांस भाग पडले.

डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. १९०८ च्या सुमारास तो हिंदुस्थानात आला. त्याचा भाईबंद गॅम्बुसिया १९२८ साली इटलीहून आणला गेला. गप्पी अंडी घालीत नाही, जिवंत पिले देतो. म्हणून थोडक्या जोड्यांनी हौद भरतो.

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण मोहीम निघाली. डीडीटीच्या फवाऱ्यापुढे हा इवलासा मासा आपण विसरलो. पुढे डास त्या औषधाला सरावले आणि १९७६ साली देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. मग माशाची पुन्हा आठवण झाली!

मात्र त्याला तलावात वा ओढ्यात सोडू नये. तेथील देशी माशांची पिले तो खातो. त्याची जागा बंदिस्त हौदातच. कूलरची टाकी तर आठवड्याला आपणच कोरडी केली पाहिजे. औषध सरकार फवारील. परसातल्या पाण्याची राखण मात्र घरधन्याचीच.