गोंदणाचं मोल: सूपभर धान्यापासून नव्या सुईपर्यंत

आज आपण बोलणार आहोत गोंदणाबद्दल, आणि त्यातही गोंदणाच्या किमतीबद्दल. आपल्या गटातल्या वयस्क बायांच्या हातावर तुळस, विंचू, फूल नाहीतर भावाचं नाव असतं. कपाळावर, हनुवटीवर हिरवा ठिपका असतो. त्याचे पैसे किती पडले म्हणून विचारलं, तर पुष्कळजणी सांगतील, "पैसे कसले? सूपभर धान्य घातलं."

सुगी झाली, घरात धान्य आलं की गोंदणारीण गावात येई. नवऱ्याच्या खिशातला पैसा बाईच्या हाती नसे, पण कणगीतलं धान्य असे. म्हणून गोंदणाचा भाव धान्यात ठरे. नुसता ठिपका असेल तर पसाभर पुरे. हातभर नक्षी असेल तर जास्त धान्य, वर जुनं लुगडं किंवा चोळीचा खण. गोंदिया-गडचिरोलीकडच्या गोंड बायांना ओझा समाजाच्या बाया गोंदत, तिकडे छत्तीसगडात देवार बाया. हे हुन्नर आईकडून लेकीकडे जाई. सामान म्हणजे दोऱ्यानं बांधलेल्या चार सुया, दिव्याची काजळी आणि पाल्याचा रस. म्हणजे मोल सामानाचं नव्हतं, हाताचं होतं. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं आपल्या आज्या मानत. म्हणून हे मोल त्यांना जड वाटत नसे.

पण जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. रडणाऱ्या पोरींना धरून बसवत, आणि त्याच सुया घरोघर फिरत. रक्तातून रोग जातो हे तेव्हा ना गोंदणारणीला ठाऊक होतं, ना गोंदून घेणारीला.

पुढं गोंदणाचं मशीन आलं. सॅम्युअल ओ'रायली नावाच्या माणसानं 1891 साली अमेरिकेत न्यूयॉर्कला त्याचं पेटंट घेतलं. एडिसननं कागदाला भोकं पाडून नकला काढायला विजेची लेखणी केली होती, तिच्यावरून त्याला हे सुचलं. मशीनमुळं काम झटपट होऊ लागलं, पण सुईचा धोका तसाच राहिला. त्याच न्यूयॉर्क शहरानं 1961 साली कावीळ पसरते म्हणून गोंदणावर बंदी घातली. ती उठायला 1997 साल उजाडलं.

आता आपल्या जत्रेत बॅटरीवरचं मशीन घेऊन माणूस बसतो आणि शहरात टॅटूची दुकानं आहेत. जत्रेत स्वस्त, दुकानात महाग. असं का? नक्षी केवढी, बारकावा किती, रंग किती, अंगावर जागा कुठली आणि हात किती मुरलेला, यावर भाव ठरतो. दुकानातल्या भावात आणखी काही धरलेलं असायला हवं: दर माणसाला नवी सुई, शाईची नवी वाटी, नवे हातमोजे. जिथं भाव फारच कमी, तिथं बहुतेक वेळा याच गोष्टींना काट मारलेली असते. एकच सुई दहा जणींना लागली, तर एकीच्या रक्तातली एचआयव्ही किंवा ब आणि क प्रकारची कावीळ दुसरीला होऊ शकते. सुई बदलली आणि शाई तीच ठेवली, तरी धोका टळत नाही.

म्हणून सयांनो, पोरगी जत्रेत हात पुढं करील तेव्हा आधी भाव विचारू नका. आधी म्हणा, "सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडा. शाई नव्या वाटीत घ्या." तो कुरकुरला तर उठा. दुकान भारी दिसलं तरी हेच विचारा. कुणी आधीच गोंदून घेतलं असेल आणि मनात धाकधूक असेल, तर सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. काविळीच्या तपासणीचंही तिथंच विचारा. आणखी एक गोष्ट. गोंदून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

नाव गोंदायचं असेल तर पोरींनी दोनदा विचार करावा. लेझरनं काढायला बऱ्याच खेपा लागतात आणि गोंदायच्या कितीतरी पट पैसे जातात.

आपल्या आज्यांनी सूपभर धान्य मोजून घातलं, कारण गोंदण जन्माचं असतं. आपणही मोजून द्यावं, पण नव्या सुईचं.