सात तासांची प्रार्थना

इसवी सन १५२२ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील मान्रेसा या गावी, गोणपाटाची कफनी ल्यालेला आणि एका पायाने लंगडणारा एक यात्रेकरू येऊन राहिला. वय तिशीचे, घराणे बास्क सरदाराचे. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात पाम्प्लोनाचा किल्ला लढवताना तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने वीरांच्या प्रेमकथा वाचावयास मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून त्याला एक ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा देण्यात आल्या. तेवढ्यावरून आयुष्याची दिशा पालटली. हाच पुढे येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला म्हणून प्रसिद्धीस आला. त्या संघाची विद्यालये आणि राजदरबारांतील त्याचे वजन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मान्रेसातील दहा-अकरा महिन्यांत या माणसाच्या मनाची जी तडफड झाली, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

मान्रेसाला येण्यापूर्वी मोन्सेर्रातच्या मठात तीन दिवस बसून त्याने साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन केले होते, ज्याला गोव्याकडे कुमसार म्हणतात. तेही लेखी. धर्मशास्त्राच्या दृष्टीने प्रकरण तेथेच मिटले. पण मान्रेसात येताच त्याच्या मनात शंका उठू लागल्या : अमुक एक गोष्ट सांगावयाची राहिली, तमुक सांगितली पण पुरती सांगितली नाही. तो पुन्हा पुन्हा निवेदन करी आणि पुन्हा पुन्हा अस्वस्थ होई. सर्व लिहून काढ, असे एका धर्मगुरूने सांगितले. त्याने लिहिले, आणि शंका अधिकच बारीक होऊन परतल्या. पुढे गुरूची आज्ञा झाली की, अगदी स्पष्ट असेल तेवढ्याखेरीज मागील काहीही आता सांगू नये. आज्ञा योग्यच होती. पण त्याच्या दृष्टीला सगळेच स्पष्ट दिसत होते!

या दुखण्यावर त्याने योजलेला उपाय म्हणजे अधिक भक्ती. तो रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करी, मध्यरात्री उठे, भिक्षा मागून खाई, केस आणि नखे वाढू देई. डोमिनिकन मठातील ज्या खोलीत तो राहत होता, तेथे प्रार्थनेच्या जागेशेजारीच एक मोठे भगदाड होते आणि त्यात स्वतःला झोकून द्यावे, अशी ओढ त्याला वारंवार होई. शेवटी, मन शांत होईपर्यंत अन्नपाणी घ्यावयाचे नाही असा निश्चय करून त्याने एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत कडकडीत उपास काढला. धर्मगुरूने तो मोडावयास लावला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत पुन्हा एकातून एक पाप आठवू लागले, आणि त्या साऱ्याचाच त्याला एकाएकी वीट आला. स्वप्नातून जाग यावी तसे झाले. मागचे काहीही पुन्हा निवेदन करावयाचे नाही, असे त्याने ठरवले आणि तो त्या फेऱ्यातून सुटला.

हा वृत्तांत शत्रूने रचलेला नाही, की भक्ताने सजवलेला नाही. १५५३ ते १५५५ या काळात रोममध्ये लुईस गोन्साल्विस द कामारा या सहकाऱ्याला त्याने तो स्वतःच तृतीयपुरुषी सांगितला. त्यातच एक बारीकशी गोष्ट आहे. झोपावयाच्या वेळी त्याला मोठमोठे आध्यात्मिक साक्षात्कार होऊ लागले आणि ठरलेली झोप बुडू लागली. विचारांती त्याने ठरवले की, ते बाजूस सारून झोपावे हेच बरे. साक्षात्कारापेक्षा वेळापत्रकाला मान देणारा साधू विरळाच.

त्याच्या पुढील शिकवणीचे मूळ येथे आहे. व्याकूळ मनाला नेम हवा असतो, आणि नेमाला शेवट हवा असतो. १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने छापल्या गेलेल्या त्याच्या साधनाग्रंथात दिवसातून दोनदा, दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर, आत्मपरीक्षण सांगितले आहे. एकच दोष निवडावा; तो घडला की छातीवर हात ठेवावा, जे चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता करता येते; आणि दुपारी व रात्री कागदावरील त्या त्या ओळीत तेवढे ठिपके मांडून काल-आजची तुलना करावी. अनंत शंकांचा हा जमाखर्च ठिपक्यांत मावणारा होता. सामान्य परीक्षणाचा आरंभ तर पापाने नव्हे, ईश्वराचे आभार मानण्याने होतो. त्याच ग्रंथात पापशंकेवर काही टिपणे आहेत. वाटेवर क्रूसासारख्या पडलेल्या दोन काड्यांवर चुकून पाय पडला आणि माणसाने त्याला पाप मानले, तर ती नुसती चुकीची समजूत होय. खरी पापशंका ती, जी मन होय आणि नाही यांत हेलकावत ठेवते. मन उदास असता ठरलेल्या तासाहून थोडे अधिक बसावे, असेही तो सांगतो. येथे ‘थोडे’ या शब्दाकडे दुर्लक्ष होऊ नये.

१५५४ मध्ये जेरोनिमो नादाल स्पेनमधून रोमला परतला तो तेथील सभासदांची मागणी घेऊन : प्रार्थनेसाठी दीड तास मिळावा. इग्नेशियस फार रागावला. ज्याने आपले मन ताब्यात आणले आहे त्याला पाव तास पुरतो, असे त्याचे म्हणणे होते. एके काळी सात तास गुडघे टेकणाऱ्याचे हे मत होते. विद्यार्थी-सभासदांना संघाच्या घटनेने दिवसाकाठी एक तास दिला, आणि दोन्ही आत्मपरीक्षणे त्या तासातच बसवली.

१५५६ मध्ये तो वारला. १५६५ च्या महासभेने प्रार्थनेची वेळ वाढवण्याचा अधिकार नव्या प्रमुखाला दिला आणि फ्रान्सिस बोर्जाने ती वाढवली. संस्थापकाचा हात उठला की मापे बदलतातच. आत्मपरीक्षणे मात्र कायम राहिली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७५ मध्ये रोमला संघात दाखल झाला, तो याच शिस्तीत, आणि १५७९ मध्ये ती घेऊन गोव्यास उतरला. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. नित्याच्या प्रार्थना आणि धर्मतत्त्वे प्रश्नोत्तरांतून शिकवणारे त्याचे कोकणी पुस्तक त्यानंतर सहा वर्षांनी तेथेच निघाले; तोवर त्याला जाऊन तीन वर्षे झाली होती.