वेगळी शाळा म्हणजे वाळीत टाकणे नव्हे

सर्वसमावेशक शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांचे विशेष शाळांवर तीन आक्षेप असतात. मुलाला बरोबरीच्या मुलांपासून तोडले की त्याच्यावर कायमचा शिक्का बसतो. अस्वस्थ मुले एकत्र बसवली की ती एकमेकांचे वाईट तेवढे उचलतात. आणि अशी शाळा हाताशी असली की नेहमीची शाळा जबाबदारी झटकते. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. १९९४च्या सालामांका जाहीरनाम्यामागे समावेशनाचीच भूमिका होती आणि शारीरिक अपंगत्व असलेल्या असंख्य मुलांना तिने शाळेचे दार उघडून दिले. पण भावनिक आणि मानसिक अडचणींनी घेरलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तीच मांडणी जशीच्या तशी लावली, तर ती त्यांच्या मुळावर येते, असे माझे ठाम मत आहे.

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीचा १९७८चा अहवाल आणि त्यावर आधारलेला १९८१चा कायदा यांनी विशेष गरजा असलेल्या मुलांना शक्यतो नेहमीच्या शाळेतच शिकवण्याची दिशा दिली. त्याच वॉर्नॉकबाईंनी २००५ साली पुस्तिका लिहून सांगितले की हे धोरण अनेक नाजूक मुलांच्या बाबतीत फसले आहे आणि त्यांच्यासाठी लहान विशेष शाळा हव्यात. सर्वांना एका छपराखाली आणणे महत्त्वाचे नाही, सर्वांना शिकण्याच्या एकाच उद्योगात सामील करून घेणे महत्त्वाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मला मात्र आपल्याच धोरणाचे फळ तपासून पाहणाऱ्या विदुषीचा तो प्रामाणिकपणा वाटतो.

कारण ही मुले त्या छपराखाली राहिलीच नव्हती. एडवर्ड टिम्पसन यांच्या २०१९च्या सरकारी अहवालानुसार इंग्लंडमध्ये शाळेतून कायमचे काढून टाकलेल्यांपैकी ७८ टक्के विद्यार्थी विशेष शैक्षणिक गरजा असलेले, समाजसेवा विभागाच्या देखरेखीखालचे किंवा मोफत जेवणास पात्र अशा गरीब घरांतले होते. म्हणजे विशेष शाळेची तुलना आदर्श समावेशक वर्गाशी करणे मुळातच चूक आहे. या मुलापुढे दुसरा पर्याय असतो तो घरी बसण्याचा किंवा रस्त्यावर भटकण्याचा. शिक्क्याचेही तेच. विशेष शाळेत पोचेपर्यंत 'वाया गेलेला' हा शिक्का त्याच्यावर केव्हाच बसलेला असतो, आणि तो मारणारी शाळा नेहमीचीच असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले की धोक्याच्या वळणावरची किशोरवयीन मुले गटाने एकत्र आणल्यास काही वेळा त्यांचे वर्तन आणखी बिघडते. हे मान्यच करायला हवे. पण याच्या शेजारी ऑगस्ट आइकहोर्न यांचा अनुभव ठेवावा लागतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाजवळच्या त्यांच्या सुधारगृहात सर्वांत आक्रमक मुलांचा एक वेगळा गट होता. मोठ्यांनी मारायचे नाही, सूड घ्यायचा नाही, सोबत सोडायची नाही, असे त्यांनी ठरवले. मुलांनी आधी सामानाची मोडतोड केली, खिडक्या फोडल्या. मग हळूहळू राग ओसरला, रडू फुटले आणि मोठ्यांशी नाते जुळू लागले. आइकहोर्न यांचे १९२५चे पुस्तक म्हणजे आजच्या अर्थाने काटेकोर संशोधन नव्हे, पण त्यातून एक गोष्ट कळते: मुले कोणती यापेक्षा मोठी माणसे कशी आणि किती, यावर गटाचे भवितव्य ठरते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक विनिकॉट यांनी पुढे १९५६ साली समाजविरोधी कृतीतही आशेची खूण असते असे म्हटले. चोरी करणारा, तोडफोड करणारा मुलगा कुणीतरी दखल घेईल अशी अपेक्षा अजून धरून असतो.

चांगल्या विशेष शाळेचे रोजचे काम या समजुतीवर चालते. वर्गात आठ-दहा मुले, शिक्षकासोबत एक-दोन साहाय्यक. मुलाच्या ओळखीचे तेच माणूस रोज दारात भेटते. भडका उडाला तर तो शांत होईपर्यंत वाट पाहायची आणि मगच बोलायचे. सातवीत असून दुसरीचे वाचन जमत नसेल, तर ते चारचौघांत उघडे न पाडता शिकवायचे. वर्गातल्या अनेक भांडणांचे मूळ या लाजेतच असते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षक कितीही मायाळू असला तरी हे साधत नाही. शिवाय गप्प, कोशात गेलेल्या, स्वतःला इजा करणाऱ्या मुलीही भावनिक अडचणींच्या याच गटात येतात. विशेष शैक्षणिक गरजांविषयीच्या इंग्लंडच्या २०१५च्या मार्गदर्शक संहितेत कोशात जाणे आणि स्वतःला इजा करणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तरी अशा मुलींकडे फार उशिरा लक्ष जाते.

तिसरा आक्षेप मात्र अंशतः खरा आहे. म्हणूनच अशा शाळा सरकारी असाव्यात, लहान असाव्यात आणि मूल सावरले की परतीची वाट खुली असावी.

आता आपल्याकडचे पाहू. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत मानसिक आजार आणि अध्ययन अक्षमता आहे, पण भावनिक व वर्तनविषयक अडचणींची वेगळी नोंद नाही. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळेतून काढण्याला आठवीपर्यंतच मनाई केली आहे. नववीत पालकांना बोलावून 'दाखला घेऊन जा' असे सांगितले जाते, आणि मुलाच्या वाट्याला दहावीला बाहेरून बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म येतो. त्याला कुणी वेगळ्या शाळेत घातलेले नसते. त्याला शाळाच उरत नाही. प्रत्येक जिल्ह्यात अशा मुलांसाठी एक लहान सरकारी शाळा आणि तिथे पुरेशी प्रशिक्षित माणसे हवीत. ही मागणी समावेशनाच्या पुरस्कर्त्यांनीच पुढे होऊन करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.