ज्येष्ठांच्या पायाची शस्त्रक्रिया: कमरेखालची भूल की पूर्ण भूल?

घरातील आजी किंवा आजोबा घसरून पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि डॉक्टर ऑपरेशन करायला सांगतात. नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "या वयात भूल सोसेल का?" भीती स्वाभाविक आहे. पण या भीतीपोटी ऑपरेशन पुढे ढकलणे अनेकदा भुलेपेक्षा जास्त धोक्याचे ठरते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णाला न्यूमोनिया, पायात रक्ताची गाठ आणि पाठीवर जखमा होऊ शकतात. म्हणून प्रकृती स्थिर असल्यास खुब्याचे ऑपरेशन शक्यतो ३६ ते ४८ तासांत करावे, असे मानले जाते.

कमरेखालची भूल म्हणजे काय?

रुग्णाला बसवून किंवा कुशीवर झोपवून कमरेच्या मणक्यांमधील फटीतून अतिशय बारीक सुईने औषध दिले जाते. मज्जारज्जू या जागेच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे सुई त्याला लागण्याची शक्यता अत्यंत कमी असते. काही मिनिटांत पाय जड आणि बधिर होतात. परिणाम साधारण दोन ते तीन तास टिकतो. रुग्ण स्वतः श्वास घेत असतो. हवे असल्यास हलक्या झोपेचे औषध देता येते.

कोणते पर्याय असतात?

- स्पायनल: एकच इंजेक्शन. वृद्धांमध्ये औषधाचा डोस कमी ठेवतात. रुग्णाला कुशीवर ठेवून मुख्यतः एकाच पायाला भूल देता येते. त्यामुळे रक्तदाब कमी उतरतो.
- एपिड्युरल किंवा दोन्ही एकत्र: पाठीत बारीक नळी ठेवतात. ऑपरेशन लांबले तर त्यातून औषध वाढवता येते.
- नर्व्ह ब्लॉक: जांघेत किंवा मांडीत नसेभोवती औषध देतात. मोडलेल्या हाडासह कुशीवर वळताना फार दुखते, म्हणून हा ब्लॉक आधी दिल्यास रुग्णाला मोठा आराम मिळतो. गुडघ्याखालच्या काही शस्त्रक्रिया फक्त ब्लॉकवरही होतात.
- पूर्ण भूल: रुग्ण पूर्ण झोपतो आणि श्वासासाठी नळी बसवतात.

मग चांगले कोणते?

"म्हाताऱ्या माणसाला स्पायनलच द्या" असा आग्रह अनेक जण धरतात. मात्र २०२१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६० दिवसांनंतर मृत्यू किंवा चालता न येणे, यांत स्पायनल आणि पूर्ण भूल यांच्यात महत्त्वाचा फरक आढळला नाही. ऑपरेशननंतरच्या गोंधळलेल्या अवस्थेचे प्रमाणही जवळपास सारखेच होते. म्हणजे दोन्ही पर्याय योग्य असू शकतात. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असल्यास बहुधा स्पायनल सोयीची पडते. हृदयाची झडप खूप अरुंद असल्यास, सुईच्या जागी जंतुसंसर्ग असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास भूलतज्ज्ञ वेगळा विचार करतात.

भूलतज्ज्ञांना हे नक्की सांगा

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ. ॲस्पिरिनच्या कमी डोसमुळे स्पायनल सहसा अडत नाही. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, रिव्हारोक्सॅबान यांमुळे अडू शकते. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका.
- हृदयविकार, स्टेंट, पेसमेकर, मणक्याचे ऑपरेशन.
- प्रोस्टेटचा त्रास, विस्मरण, औषधाची ॲलर्जी.
- शेवटचे खाणे-पिणे कधी झाले. साधारणपणे जेवणानंतर ६ ते ८ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास थांबावे लागते.

काय त्रास होऊ शकतो?

रक्तदाब उतरणे, मळमळ, थंडी वाजणे आणि लघवी तुंबणे हे त्रास होतात आणि त्यावर उपचार आहेत. स्पायनलनंतरची डोकेदुखी वृद्धांत तरुणांपेक्षा कमी आढळते. "त्या सुईमुळे कंबर कायमची गेली" हा समज चुकीचा आहे. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते. मज्जातंतूला कायमची इजा होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

लगेच डॉक्टरांना बोलवा: भूल उतरण्याची वेळ होऊनही पाय हलत नसतील, उतरलेला बधिरपणा पुन्हा वाढत असेल, पाठीत तीव्र वेदना होत असतील किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल तर सकाळपर्यंत थांबू नका.

घरच्यांनी काय करावे?

चष्मा आणि कानाचे यंत्र रुग्णालयात सोबत न्या आणि शुद्धीवर येताच परत द्या. ओळखीचे माणूस जवळ ठेवा, दिवस-वेळ सांगत राहा. रुग्ण असंबद्ध बोलू लागला तर "वयामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका, नर्सला सांगा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करा. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना एक प्रश्न जरूर विचारा: "आमच्या रुग्णासाठी तुम्ही हीच भूल का निवडली?"