गादी आणि गुन्हा

खोपोलीला नाना फडणिसांनी बांधलेले तळे आहे. आमच्या कळंबहून कर्जतमार्गे तिकडे जाणे झाले, की मी घटकाभर त्याच्या काठी टेकतो. समोर बोरघाट उभा असतो आणि मनात एक जुना प्रश्न डोके वर काढतो. राज्याचा प्रमुखच अपराधी ठरला, तर त्याला धरणार कोण?

३० ऑगस्ट १७७३. ऐन गणेशोत्सवात शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. त्यांचे चुलते राघोबादादा पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि खुद्द दादासाहेबांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मुलांना आपण ही गोष्ट सांगतो ती इथवरच. पण पुढे काय झाले? दादा गादीवरच राहिले. पुणे सोडले ते शास्त्रीबुवांनी! निवाडा होता, पण तो बजावणारा हात नव्हता. शिपाईप्यादे सारे आरोपीच्याच हुकमातले.

तो हात उभा केला नाना, सखारामबापू प्रभृती बारभाईंनी. दादा स्वारीवर गेलेले पाहून त्यांनी नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेले आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळाला साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली आणि दादा पदच्युत झाले. किंमत मात्र जबर पडली. दादा इंग्रजांना मिळाले. त्यांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रजी फौज १७७८च्या अखेरीस याच बोरघाटाने वर चढली. वडगावला तिने हार खाल्ली, तरी युद्ध मिटले ते १७८२च्या सालबाईच्या तहाने. दादांना अखेर तनखा मिळाला, शिक्षा नाहीच.

आज राष्ट्रपतींवर, ते पदावर असेतो, फौजदारी खटला चालत नाही. घटनेचे ३६१ वे कलम तसे सांगते. हे ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठी पडते. पण त्याच घटनेत ६१ वे कलमही आहे. घटनाभंग झाल्यास संसदेच्या एका सभागृहाने आरोप ठेवायचा, दुसऱ्याने त्याची चौकशी करायची. दोन्हीकडे एकूण सदस्यांपैकी दोनतृतीयांशांची मते पडली, की पद जाते. पद गेले, की खटल्याची आडकाठीही गेली. त्यासाठी ना पुरंदर गाठायचा, ना बाळ जन्मण्याची वाट पाहायची! आजवर या कलमाने कुणा राष्ट्रपतीला काढावे लागलेले नाही.

रामशास्त्र्यांपाशी निर्भयता होती, वाट नव्हती. आपल्याला वाट लिहून मिळाली आहे. निर्भयता मात्र कोणत्याही कलमात लिहून देता येत नाही. ती ज्याची त्यानेच आणायची.