मागच्या चाकांचा ड्रम

ड्रम गाळ्यात आला की आधी तो वाजवायचा, ही वडिलांची शिस्त. तारेच्या आकड्याला टांगायचा आणि हातोडीनं कडेला हलकेच ठोकायचं. आवाज खणखणीत निघून थोडा घुमला तर ड्रम लेथवर चढवायचा. बद्द वाजला तर समजायचं, बीडाला कुठंतरी तडा गेलाय. टर्निंग मारून फायदा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या गाळ्यात मी हाफ चड्डीत शिरलो, आता साठी उलटली. लायनर मारणं आणि ड्रम टर्निंग, एवढंच आयुष्यभर केलं.

गेल्या महिन्यात एक पोरगा नवी पिकअप घेऊन आला. रत्नागिरीला भाजीपाला टाकतो, येताना मिळेल तो माल भरतो. म्हणाला, "काका, दहा लाखांची गाडी, पुढं डिस्क आणि मागं आजोबाच्या काळातला ड्रम! मागंपण डिस्कच बसवून द्या की."

आजोबाचा काळ म्हणाला म्हणून मला हसू आलं. डिस्क काही नातवाच्या काळातली नाही. फ्रान्समध्ये लुई रेनॉनं ड्रम ब्रेक रीतसर गाडीत बसवला तो १९०२ साली, आणि त्याच वर्षी इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. दोघं एका वयाची. लँचेस्टरची डिस्क मागं पडली ती रस्त्यामुळं आणि मालामुळं. तांब्याचे पॅड लोखंडाच्या चकतीवर घासले की कान किटायचे, आणि तेव्हाच्या कच्च्या रस्त्यांची धूळ उघड्या चकतीवर बसून पॅड खाऊन टाकायची. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. धूळ, चिखल बाहेर, काम आत. पुढं पन्नास वर्षं मोटारींवर त्याचंच राज्य चाललं.

लायनरची गोष्ट तर कोल्हापूरकरानं आवर्जून ऐकावी अशी. इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात शेतकरी घोडागाडी उतारावरून नेताना लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुना बूट ठोकायचे, म्हणजे चाकाला पकड यायची. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं ते पाहिलं आणि १८९७ मध्ये ब्रेकच्या लायनरचा धंदाच काढला. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायकोच्या नावातला 'ई' घालून कंपनीचं नाव ठेवलं फेरोडो. पायताणाच्या गावात बसून आम्ही जन्मभर त्या बुटाचंच पुढचं रूप रिवेट केलं.

फ्रूडनं थोड्याच वर्षांत लायनरला ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. उष्णतेला ते दाद देत नाही, म्हणून जगभर तेच चाललं. लायनर ज्यावर बसतो तो शू आम्ही काढला की ड्रममधली राखाडी भुकटी फुंकर मारून उडवायचो, पुढं कॉम्प्रेसर आल्यावर हवेनं. ही भुकटी फुप्फुसाला घातक, म्हणून ब्रिटननं १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. वडील शेवटची दहा वर्षं रात्ररात्र खोकत होते. कारण डॉक्टरांनी विड्या सांगितलं, आणि विड्या ते ओढतही होते. मी आता ओल्या फडक्यानं पुसतो.

आमच्या धंद्याचा पाया जीपनं घातला. १९४७ पासून महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली; तिला चारही चाकांना नऊ इंची ड्रम. मागून मॅटाडोर आली, ४०७ आली, सगळ्या ड्रमवाल्या. जुना लायनर उडवायचा, शू साफ करायचा, नवा लायनर मधल्या भोकापासून कडेकडे रिवेट करत जायचा. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगा राहतो आणि ब्रेक कचकच करतो. मग लायनरवर खडू फासून ड्रममध्ये फिरवायचा. खडू जिथं पुसला तिथं तो टेकतोय. जिथं राहिला तिथं नुसता शोभेला आहे. तिथं टेकेपर्यंत कानस मारत बसायचं.

ड्रमची खरी करामत पाचरीची आहे. चाक फिरत असताना शू बाहेर सरकून ड्रमला टेकला की फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, आणि तो पाचरीसारखा आणखी आत रुततो. पायाचं बळ थोडं, पकड दुप्पट. पेडलला व्हॅक्यूमची मदत नव्हती त्या काळात भरलेली गाडी माणसाच्या पायानं थांबायची, ती या पाचरीच्या जिवावर. डिस्कला हे जमत नाही. पॅड चकतीला चिमटा काढतो. जेवढा दाबाल तेवढाच.

पण पाचर दगाही देते. १९८३ च्या पावसाळ्याआधी एका जीप-पिकअपबरोबर मी गगनबावड्याहून करूळ घाट उतरलो होतो. मागं कांद्याची पोती, आणि लायनर आमच्याच गाळ्यातले. चालकानं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडलेली. तिसऱ्या वळणानंतर वास आला, जळक्या रबराचा आणि केसांचा मिळून येतो तसा. मग पेडल खाली बसायला लागलं. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो. लायनरही तापून गुळगुळीत होतो. पाय फळीला टेकतो तरी गाडी पळतच असते. त्यानं कसाबसा दुसरा गिअर ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घासली आणि ती एकदाची थांबली. मी उडी टाकून चाकांखाली दगड सारले. तो पाण्याचा कॅन घेऊन ड्रमकडं निघाला, तेव्हा मी ओरडलो. लाल झालेल्या बीडावर पाणी पडलं की तडा. दीड तास तिथंच कांद्याच्या पोत्यावर बसून होतो. आमचा लायनर वाईट नव्हता, असं मी आजही म्हणेन. पण तेव्हा घाटात मी चालकाशी हुज्जत घालायला गेलो नाही.

तापण्याच्या याच भानगडीतून डिस्क परत आली. चकती उघड्यावर असते, वारा लागतो. फुगली तरी पॅडकडंच फुगते. १९५३ मध्ये डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वारनं ल मॉंची चोवीस तासांची शर्यत मारली. अमेरिकेत शेव्हरोलेच्या पिकअपना १९७१ पासून पुढं डिस्क आल्या. पुढंच का, तर ब्रेक लावला की गाडीचं वजन नाकावर येतं आणि बरंचसं काम पुढची चाकं करतात. मागं ड्रम राहिला, त्याला कंजूषपणा हे कारण आहेच. ड्रम स्वस्त, आणि हँडब्रेक त्यातच बसतो, वेगळा खर्च नाही.

त्या पोराला मी गाडीखाली नेलं. मागच्या ॲक्सलपासून एक बारीक दांडी वर एका व्हॉल्व्हकडं जाते, ती दाखवली. "ही कळते का?" नाही म्हणाला. पिकअप निम्मं आयुष्य रिकामी पळते. रिकाम्या गाडीचं बूड हलकं. मागं ब्रेक जास्त लागला की चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. माल भरला की बूड बसतं, दांडी हलते, व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त ऑईल सोडतो. हौशी मंडळी पाटे चढवून गाडी उंच करतात आणि या दांडीकडं बघतही नाहीत. मग भरलेल्या गाडीलाही व्हॉल्व्ह रिकामीच समजतो, आणि चालक येऊन म्हणतो, मागं ब्रेकच लागत नाही, डिस्क बसवा.

अमेरिकेतही या वादाचा निकाल सरळ लागला नाही. शेव्हरोलेच्या सिल्व्हेरॅडोला १९९९ मध्ये चारही डिस्क दिल्या. २००५ मध्ये त्यातल्या हलक्या गाड्यांना मागं पुन्हा ड्रम बसवले, आणि २०१४ मध्ये पुन्हा डिस्क. टोयोटाच्या टाकोमानं तर २०२३ पर्यंत मागचा ड्रम सोडला नव्हता. तिकडं बर्फावर मीठ टाकतात, इकडं आपल्या शेतातला चिखल. उघड्या चकतीला दोन्ही मानवत नाहीत.

गंमत म्हणजे फोक्सवागननं २०२० च्या आयडी-थ्री या विजेवरच्या मोटारीला मागं ड्रमच दिला. ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालून स्वतःच वेग खाते, मागचा ब्रेक फारसा लागतच नाही. नुसती पडून राहिलेली डिस्क गंजते, डब्यातला ड्रम तितका गंजत नाही. शिवाय लायनरची भुकटी बरीचशी आतच राहते. युरोपात आता ब्रेकच्या भुकटीवरही मर्यादा येतेय. हे वाचलं तेव्हा मला वडिलांची फुंकर आठवली.

पोराचे मागचे दोन्ही ड्रम उतरवले. दांडी वाकली होती, ती सरळ केली. उजवा ड्रम टांगून वाजवला, खणखणीत. डावा वाजवला. त्यालाही कळलं.

"हा गेला का, काका?"

"गेला. शिरोलीला जा, नवा घेऊन ये. आणि घाटात गिअर सोडू नको."